माहिती कुठून आली? ब्रिजमधील बोली, नियमांचे वाद आणि रोबो भिडू यांविषयी सविस्तर मार्गदर्शन

ब्रिजच्या टेबलावर झालेल्या चुकांची डाव संपल्यावर शांतपणे चौकशी केली, तर त्यांतल्या पुष्कळशा पॉइंट मोजता न आल्यामुळे झालेल्या नसतात. आपण निर्णय नेमक्या कोणत्या माहितीवर घेतला हेच खेळाडूला सांगता येत नाही. टेबलावर माहिती तीन ठिकाणांहून येते: स्वतःची तेरा पाने, रीतसर दिल्या गेलेल्या बोल्या व खेळली गेलेली पाने, आणि भिडूचा चेहरा, त्याचा उसासा, त्याने पास म्हणायला लावलेला वेळ. पहिल्या दोन ठिकाणची माहिती पूर्णपणे पिळून काढायची असते आणि तिसऱ्या ठिकाणची वापरायचीच नसते. बोलीतली जाण, नियमांवरून होणारे वाद आणि संगणकावरचा रोबो भिडू हे तीन विषय त्यामुळे एकाच धाग्यात येतात, कारण बोली चुकते ती पहिली दोन ठिकाणे नीट न वाचल्याने, वाद होतात ते तिसऱ्यावरून, आणि रोबोला तर तिसरे ठिकाण नसतेच. पुढील विवेचन पाच पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम निदान पाच असतानाच तो रंग प्रथम बोलणे) आणि १५ ते १७ पॉइंटचा एक नोट्रम्प (हुकुमाविना खेळण्याची बोली) या प्रचलित पद्धतीने खेळणाऱ्या, प्राथमिक पायऱ्या ओलांडलेल्या वाचकासाठी आहे.

पॉइंट मोजून झाल्यानंतर

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ हे मोजमाप सर्वांना येते. पत्त्यांच्या संचात असे ४० पॉइंट असतात आणि दोघा भिडूंचे मिळून २५ च्या आसपास झाले की गेमचा, म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या बोलीचा (इस्पिक-बदामात दहा हात, नोट्रम्पमध्ये नऊ), विचार सुरू होतो. दोघांचीही पाने समतोल असताना नोट्रम्पसाठी हे मोजमाप बरे चालते. हुकूम ठरला की मात्र ते अपुरे पडते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक खेळाडू त्याला चिकटून बसतात.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही एक इस्पिक अशी सुरुवात केली आणि भिडूने दोन इस्पिक असा साधा पाठिंबा दिला. पहिल्या डावात तुमच्याकडे इस्पिक एक्का, राजा, ८, ६, ३, बदाम एक्का, ९, ४, २, चौकट ७, किलवर राजा, ६, ४ अशी पाने आहेत. दुसऱ्या डावात इस्पिक राजा, गुलाम, ८, ६, ३. बदाम राणी, गुलाम, २. चौकट राजा, राणी. किलवर राजा, गुलाम, ४ अशी पाने आहेत. पहिल्यात १४ पॉइंट, दुसऱ्यात १६. आता जाणारे हात (हात म्हणजे चौघांच्या एकेका पानाची एक फेरी) मोजा: प्रत्येक रंगातील पहिली तीन पानेच धरायची आणि एक्का, राजा, राणी यांपैकी जे नसेल त्याबद्दल एक हात गेला असे मानायचे, एकच पान असेल तर फक्त एक्क्याचा आणि दोन असतील तर फक्त एक्का-राजाचा विचार करायचा. पहिल्या पानांत इस्पिकचा एक, बदामचे दोन, चौकटचा एक आणि किलवरचे दोन असे सहा हात जातात, तर दुसऱ्या पानांत दोन, दोन, एक आणि दोन असे सात. साधा पाठिंबा देणाऱ्या भिडूचे सामान्यतः नऊ धरतात. दोघांची बेरीज २४ मधून वजा केली की अपेक्षित हात निघतात: पहिल्या पानांनी नऊ, दुसऱ्यांनी आठ. भिडूची पाने पाठिंब्याच्या वरच्या टोकाची, म्हणजे आठच हात गमावणारी असली, तर पहिल्या पानांनी गेम होतो. म्हणून तेथे तीन इस्पिक बोलून विचारणा करावी. दुसऱ्या पानांनी, १६ पॉइंट असूनही, मी पास करीन; त्यांत एकही एक्का नाही आणि राणी-गुलामांचे पॉइंट विखुरलेले आहेत.

हे गणित हुकूम जुळल्यावरच लावायचे असते, आणि त्यालाही एक मर्यादा आहे. ते एक्का आणि राणी यांना एकाच मापाने मोजते. त्यामुळे एक्के जास्त असतील तर उत्तर थोडे वर आणि राण्या जास्त असतील तर थोडे खाली सरकवावे.

त्यानंतर जागेचा विचार करायचा. बदामचा राजा, ९, ४ ही पाने आणि उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने बदाम बोललेला असेल तर एक्का बहुधा तुमच्या अगोदर खेळणाऱ्याकडे आहे आणि तुमचा राजा जवळजवळ खात्रीचा हात आहे. तीच बोली डावीकडून आली असेल तर त्या राजाची किंमत निम्मीसुद्धा उरत नाही. भिडूने दाखवलेल्या लांब रंगातील राणी सोन्याची असते, प्रतिस्पर्ध्यांच्या रंगातील एकटी राणी मात्र कागदाची. पहिल्यांदा पाने उचलल्यावर मोजलेला आकडा शेवटपर्यंत तोच ठेवणाऱ्या खेळाडूने बोली ऐकलेलीच नसते.

गेमच्या सीमारेषेवर

भिडूने विचारणा केली आणि तुमची पाने अगदी मधोमध आहेत, अशा वेळी उत्तर गुणपद्धतीत दडलेले असते. संघस्पर्धेत, म्हणजे गुणांच्या फरकावरून काढलेल्या इम्पच्या हिशेबात, तुम्ही व्हल्नरेबल आहात (त्या डावात तुमचे बोनस आणि दंड दोन्ही मोठे आहेत) आणि दहा हात होतात की नऊ हे सांगता येत नाही, असे समजा. चार बदाम बोलून दहा हात केले तर ६२०, आणि खालीच थांबून दहा केले तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्पचा लाभ. चार बोलून नऊच झाले तर वजा १००, थांबला असतात तर १४०. फरक २४०, म्हणजे ६ इम्पचा तोटा. म्हणजे सोळात सहा वेळा, ३७.५ टक्के, यश मिळाले तरी गेम बोलणे बरोबरीत सुटते. व्हल्नरेबल नसताना हेच गणित ४२० विरुद्ध १७० आणि वजा ५० विरुद्ध १४० असे होते. ६ इम्प मिळवायचे आणि ५ गमवायचे, म्हणून सीमा ४५ टक्क्यांच्या आसपास येते. जोड्यांच्या स्पर्धेत फरक किती मोठा आहे याला महत्त्व नसते, इतरांपेक्षा वर की खाली एवढेच पाहिले जाते. तेथे ५० टक्के हीच रेषा धरावी.

दोन्ही बाजू बोलत असताना

येथे फ्रान्सच्या झाँ-रेने व्हेर्न यांनी मांडलेला आणि पुढे अमेरिकेचे लॅरी कोहेन यांनी लोकप्रिय केलेला एकूण हातांचा नियम उपयोगी पडतो: दोन्ही बाजू आपापला सर्वोत्तम रंग हुकूम करून खेळल्या तर त्यांना मिळणाऱ्या हातांची बेरीज दोन्ही बाजूंच्या हुकमांच्या बेरजेइतकी असते. हे अनुमान आहे, खात्री नव्हे. पण मधल्या पातळीवर ते फार क्वचित दगा देते.

समजा तुम्ही दोन इस्पिकपर्यंत आला आहात आणि त्यांनी तीन बदाम बोलले. कोणीही व्हल्नरेबल नाही. तुमचे इस्पिक आठ आणि त्यांचे बदाम आठ असतील तर बेरीज १६. सर्वांत संभाव्य विभागणी आठ-आठ अशी, म्हणजे त्यांचे तीन बदाम एक हाताने बुडणार आणि तुमचे तीन इस्पिकही बुडणार. जे ५० मिळणार होते ते तुम्ही स्वतःच देऊन बसता. त्यांचे बदाम नऊ असतील तर बेरीज १७. त्यांना नऊ हात होत असतील तर तुम्हाला आठ, म्हणजे वजा १४० ऐवजी वजा ५०. तुम्हाला नऊ होत असतील तर त्यांना आठ, म्हणजे अधिक ५० ऐवजी अधिक १४०. एका हुकमाने निर्णय उलटा झाला. म्हणून या पातळीवर स्वतःचे पॉइंट पुन्हापुन्हा मोजत बसण्यापेक्षा भिडूने तीन पानांवर पाठिंबा दिला की चारांवर, आणि त्यांचा रंग किती लांब असावा, हे विचारावे. तुम्ही व्हल्नरेबल असाल आणि प्रतिस्पर्धी डबल (बुडाल्यास दंड वाढवणारी बोली) देण्यास चटावलेले असतील, तर मात्र एका हाताचे वजा २०० हे त्यांच्या कोणत्याही अर्धवट डावाहून वाईट, हे लक्षात ठेवावे.

भिडूने वेळ घेतला, आता काय

टेबलावरचे सर्वांत कडवट वाद याच एका गोष्टीवरून होतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू प्रामाणिक असतात. जागतिक ब्रिज महासंघाच्या २०१७ च्या ड्युप्लिकेट (तेच डाव अनेक टेबलांवर खेळण्याच्या) ब्रिजच्या नियमावलीतील सोळावा नियम काय म्हणतो हे नीट समजून घेतले तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत. विचार करणे हा गुन्हा नाही. विचार करून पास म्हणणेही गुन्हा नाही. बंधन येते ते भिडूवर: त्याच्यासमोर दोन किंवा अधिक तर्कसंगत पर्याय असतील, तर लागलेल्या वेळेने उघडपणे सुचवलेला पर्याय त्याने निवडू नये. तर्कसंगत पर्याय म्हणजे त्याच दर्जाच्या आणि तीच पद्धत खेळणाऱ्या खेळाडूंपैकी लक्षणीय लोक ज्याचा गांभीर्याने विचार करतील आणि काहीजण जो निवडतील असा पर्याय.

उदाहरणार्थ, तुम्ही तीन इस्पिकपर्यंत आलात, त्यांनी चार बदाम बोलले, भिडूने बराच वेळ घेऊन पास केले. तो वेळ सांगतो की त्याला आणखी काही बोलायचे होते. तुमची पाने सामान्य असतील तर पास हा उघड पर्याय आहे आणि चार इस्पिक बोलणे तुम्हाला निषिद्ध आहे, मग तुम्ही मनाशी कितीही ठरवलेले असो. ‘मी तर तसेही बोलणारच होतो’ हा बचाव म्हणूनच चालत नाही. डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचा पंच, तुमच्या मनात शिरत नाही, तो तुमच्या दर्जाच्या काही खेळाडूंना वेळेचा उल्लेख न करता ती पाने दाखवतो आणि ते काय बोलतील हे विचारतो. तुमची पानेच अशी असतील की जवळजवळ कोणीही पास करणार नाही, तर मात्र भिडू किती वेळ थांबला याला महत्त्व राहत नाही.

तुम्ही प्रतिस्पर्धी असाल तर क्रम असा ठेवावा. वेळ लागला तेव्हाच, आवाज न चढवता, ‘येथे थोडा वेळ गेला हे आपल्याला मान्य आहे ना’ एवढेच विचारावे. मान्य असेल तर खेळ पुढे चालू द्यावा. अमान्य असेल तर डायरेक्टरला त्याच क्षणी बोलावणे त्यांचे काम आहे. डाव संपल्यावर पाने पाहून निषिद्ध पर्याय निवडला गेला असे वाटले तर डायरेक्टरला बोलवावे, आणि फक्त घडलेल्या गोष्टी सांगाव्यात: बोली काय झाली, कोण थांबले, काय खेळले गेले. फसवणूक हा शब्द उच्चारू नये. नियम कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नये. डायरेक्टरला बोलावणे हा अपमान आहे ही समजूत ज्या गटांत रुजली आहे, तेथे सर्वांत मोठ्या आवाजाच्या खेळाडूचा नियम चालतो, असा माझा अनुभव आहे.

आणि स्वतःच्या बाजूने? अवघड जागा येण्याआधी विचार करावा. भिडूच्या बोलीनंतर प्रतिस्पर्धी काय बोलू शकतील आणि त्यावर आपण काय म्हणू, हे अगोदर ठरवलेले असले की बहुतेक बोल्या एकाच गतीने देता येतात.

चुकीचे स्पष्टीकरण की चुकीची बोली

हा फरक पुष्कळ अनुभवी खेळाडूंनाही ठाऊक नसतो. भिडूने तुमच्या बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना सांगितला आणि तुमची पाने त्याच्याशी जुळत नाहीत. तुमचा करार खरोखरच भिडूने सांगितला तसाच असेल आणि तुम्हीच तो विसरला असाल, तर नियमभंग झालेला नाही. प्रतिस्पर्ध्यांना तुमचा करार कळण्याचा हक्क आहे, तुमची पाने कळण्याचा नाही. करार वेगळा असेल तर स्पष्टीकरण चुकीचे ठरते आणि नुकसान झाले असल्यास गुण बदलले जातात. पुरावा नसेल तर डायरेक्टर स्पष्टीकरण चुकले असेच धरतो, म्हणून भिडूबरोबरचे करार लिहून ठेवावेत. दोन पानांची टिपणवही अशा प्रसंगी वकिलाचे काम करते.

भिडूने चुकीचे सांगितले हे लक्षात आल्यावर केव्हा बोलायचे, याचाही नियम आहे. तुमची बाजू डाव खेळणार असेल, तर शेवटच्या पासनंतर आणि पहिल्या उतारीपूर्वी डायरेक्टरला बोलावून दुरुस्ती सांगायची. तुम्ही बचावात असाल तर डाव संपेपर्यंत थांबायचे, कारण आधी सांगितले तर ती भिडूला मिळालेली फुकटची माहिती होईल. दोन्ही प्रसंगी बोली चालू असताना चेहरा कोरा ठेवायचा आणि भिडूचे स्पष्टीकरण ऐकलेच नाही असे समजून पुढची बोली द्यायची. हे बोलायला सोपे आहे.

नुकसान झालेल्या बाजूने नंतर स्वतःच अत्यंत गंभीर, त्या नियमभंगाशी संबंध नसलेली चूक केली, तर तेवढ्या नुकसानाची भरपाई मिळत नाही. म्हणून ‘आता डायरेक्टर बघून घेईल’ म्हणून वाटेल तसे खेळू नये. निर्णय किंवा गुण मान्य नसल्यास, आयोजकांनी वेगळे ठरवले नसेल तर, अधिकृत गुण पाहण्यासाठी लावल्यापासून ३० मिनिटांत हरकत घ्यावी लागते.

बाकीचे वाद यांत्रिक असतात आणि डायरेक्टर पुस्तक उघडून ते दोन मिनिटांत मिटवतो. रंगाचे पान असून दुसरे टाकले आणि तो रिव्होक पक्का झाला, तर चूक करणाऱ्यानेच तो हात जिंकला असल्यास तो आणि त्याच्या बाजूने नंतर जिंकलेला एक असे दोन हात जातात, अन्यथा एक. त्या हातापासून पुढे त्या बाजूने काहीच जिंकले नसेल तर काही जात नाही. अपुरी, म्हणजे आधीच्या बोलीहून वर नसलेली, बोली झाली तर डावीकडचा खेळाडू ती स्वीकारू शकतो. न स्वीकारल्यास त्याच रंगाची पुरेशी बोली किंवा तिच्याशी तुल्य अर्थाची बोली देऊन बहुधा सुटका होते, नाहीतर भिडूला त्या डावात पासच म्हणावे लागते. उरलेले हात आपले म्हणून पाने खाली ठेवताना ती कोणत्या क्रमाने खेळणार आणि बाहेर राहिलेला हुकूम केव्हा काढणार हे तोंडाने सांगावे. न सांगितलेला हुकूम हा न दिसलेला हुकूम मानला जाण्याचा धोका असतो.

रोबो भिडू: त्याला काय कळते

ब्रिज बेस ऑनलाइनवर भिडू म्हणून बसणारा रोबो हा मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी १९९० च्या दशकात तयार केलेल्या जिब या प्रोग्रॅमवर आधारित आहे. तो बोलीसाठी नियमांचा एक मोठा साठा वापरतो आणि त्याला जोड म्हणून, विशेषतः पाने खेळताना, आतापर्यंतच्या बोलीशी जुळतील अशा वाटण्या मनाशी रचून, प्रत्येक वाटणीत चौघांचीही पाने उघडी असल्याप्रमाणे डाव सोडवून, सरासरीने सर्वांत बरे ठरणारे पान निवडतो. त्याचे बळ आणि त्याचे वेडेपण दोन्ही या एका वाक्यातून निघतात.

पहिली पायरी: बोली देण्यापूर्वी तिचे वर्णन वाचा. बोलीच्या बटणावर बाण नेला की ती कोणते पॉइंट आणि किती पाने दाखवते हे दिसते. रोबो तुमच्या बोलीवर अक्षरशः विश्वास ठेवतो. वर्णनात सहा पाने लिहिली असतील तर तो सहा पाने धरूनच पुढे विचार करतो. तुमचा नेहमीचा भिडू त्या बोलीचा काय अर्थ घेतो याला येथे काही किंमत नाही.

दुसरी पायरी: वर्णन रिकामे किंवा विचित्र दिसले तर ती वाट सोडा. नियमांच्या साठ्यात नसलेल्या बोलीवर रोबो काहीही करू शकतो; तुम्हाला गेमपर्यंत जायचेच आहे अशी बोलीसुद्धा तो पास करू शकतो. नाजूक विचारणा करण्यापेक्षा शेवटचा करार आपणच थेट बोलावा. विशेषतः दंडाचा डबल देण्याआधी वर्णनात तो दंडाचाच आहे ना हे पाहावे, नाहीतर भिडू तो काढून आपला रंग बोलेल.

तिसरी पायरी: ज्या स्पर्धांत माणसाला सर्वांत जास्त पॉइंटची पाने मिळतात, तेथे त्या माहितीचा वापर करा, ती सर्वांना जाहीर असल्याने पूर्णपणे वैध आहे. एकूण ४० पॉइंट चौघांत असल्याने तुमच्याकडे निदान १० असणारच, आणि तुमच्याकडे ११ असतील तर भिडूकडे ११ हून अधिक असूच शकत नाहीत. म्हणजे फक्त ११-१२ पॉइंटांच्या समतोल पानांवर दूरच्या गेमची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही. पाने खेळतानाही, तुमच्याकडे १४ पॉइंट असताना एका प्रतिस्पर्ध्याने १२ पॉइंटची पाने आधीच दाखवली असतील, तर राहिलेला राजा त्याच्याकडे नाही.

चौथी पायरी बचावाची. रोबोच्या लहानमोठ्या पानांना खूण (भिडूला माहिती देण्यासाठी मुद्दाम टाकलेले पान) समजू नका आणि तो तुमची खूण वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका; बोलीवरून पाने मोजा. तो उघड्या पत्त्यांचा विचार करीत असल्याने, पुढे लागणारा अंदाज आपण अचूकच लावू असे तो गृहीत धरतो, आणि त्यामुळे माहिती गोळा करण्यासाठी आधी खेळायचे पान त्याला सुचत नाही. तुमच्या चकव्यालाही तो सहज फसतो. या सवयींचा फायदा जरूर घ्यावा, पण लक्षात ठेवून, कारण रोबोविरुद्ध महिनाभर खेळलेला खेळाडू माणसांच्या टेबलावर आला की भिडूने दिलेली स्पष्ट खूण न पाहता पान टाकतो. हे माझ्याबाबतीत झाले आहे, आणि भिडू बराच वेळ काही बोलला नाही.

यंत्रे पाने उत्तम खेळू लागली तरी बोली ही त्यांची दुखरी बाजू राहिली आहे. २०२२ मध्ये पॅरिसमध्ये नूक या प्रोग्रॅमने आठ जगज्जेत्यांपेक्षा सरस खेळ केला, पण त्या चाचणीत बोली नव्हतीच. करार तीन नोट्रम्प असाच ठरवून दिलेला होता.

रोबोबरोबर खेळलेले डाव तपासताना

येथे रोबोचा खरा उपयोग आहे, कारण त्याच्यासमोर तुमचा निर्णय निव्वळ पानांवर आणि बोलीवर उभा असतो. रोज दहा-बारा डाव खेळून त्यांतील ज्या दोन-तीन बोल्यांवर तुम्ही अडखळलात, त्या निकाल पाहण्यापूर्वी लिहून काढा: पाने, बोली, व्हल्नरेबिलिटी, तुम्ही काय बोललात आणि कोणत्या कारणाने. मग निकाल पाहा. संगणक चार इस्पिक होतात असे दाखवील, कारण त्याला एकटी राणी कोठे आहे हे ठाऊक आहे. त्यावरून थांबणे चुकले असे ठरत नाही. प्रश्न एवढाच विचारायचा की तुमच्या पानांनी आणि ऐकलेल्या बोलीने ते चार इस्पिक किती वेळा झाले असते. उत्तर देता येत नसेल तर भिडूची पाने बदलून, पण बोलीशी जुळतील अशी, आठ-दहा वाटण्या स्वतः मांडून मोजा, आणि ३७.५, ४५ किंवा ५० यांपैकी जी रेषा त्या डावाला लागू होती तिच्याशी ताडून पाहा. अशा नोंदी साठल्या की त्यांतली एक-दोन पाने घेऊन, तुम्ही काय बोललात हे न सांगता, भिडूला विचारा; आणि तो किती वेळ घेतो हे मात्र मोजू नका.